कुणाला आणि कशासाठी

रविवार, ११ जानेवारी

ऑफिसात मी दिवसभर जे काही करतो ते कायमचं असतं. अगदी कुणाच्या बापाला पुसता येणार नाही, इतकं कायमचं. तेव्हा निदान घरी तरी खाडाखोड करायची सोय असावी म्हणून ही वही आणली. पहिल्याच पानावर दोन शब्द खोडलेत, बरं वाटलं.

बुधवारी आमची साखळी सुरू होते आहे. शहरातली सहा रुग्णालयं जोडली आहेत. लेकीला फोनवर समजावून सांगितलं तसंच इथे लिहितो, म्हणजे मलाही ते नीट कळलंय की नाही ते कळेल. रुग्णाचे कागद ज्या त्या रुग्णालयात कुलपातच राहतात. किल्ली रुग्णाकडे. त्याने परवानगी दिली तरच दुसऱ्याला ते उघडता येतात, आणि कुणी कुणाचे कागद केव्हा उघडले याची नोंद सहाही ठिकाणी एकदम होते. एकाने लबाडी करून आपल्याकडची नोंद बदलली तर उरलेले पाच बोंब मारतात. याला ब्लॉकचेन म्हणतात. लेक म्हणाली, बाबा, एवढं सोपं होतं तर चार वर्षं काय करत होतात? मी फोन तिच्या आईकडे दिला.

साखळीच्या जोडीला एआय आहे. ते आमच्या ऑफिसातल्या धाकटीचं काम. धाकटी म्हणजे वयाने सगळ्यात लहान आणि डोक्याने सगळ्यात पुढे. तिचं यंत्र परवानगी दिलेल्या रुग्णाचे सगळीकडचे कागद एकत्र वाचतं आणि काही खटकलं तर डॉक्टरांपुढे हात वर करतं. उपचार ठरवत नाही, फक्त हात वर करतं.

पहिल्या रुग्णांमध्ये कोच आहे. कोच म्हणजे आमची ही. शहरातल्या निम्म्या लोकांना तिने पोहायला शिकवलं आहे, त्यामुळे तिला नावाने हाक मारणारं कुणी उरलेलं नाही. मीही कोचच म्हणतो. गेल्या वर्षी मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की तिची स्मरणशक्ती हळूहळू जाणार. 'हळूहळू' हा शब्द मी घट्ट धरून ठेवला आहे.

बुधवार, १४ जानेवारी

झाली एकदाची सुरू. सकाळी एका रुग्णालयाचं यंत्र रुसलं होतं, ते दुपारपर्यंत हसलं.

कोचची परवानगी मी स्वतः पाहिली. रुग्णालयात एक लहान खोली केली आहे. तिथे सिस्टर बसतात आणि रुग्णाला दोनच प्रश्न विचारतात: तुमचे कागद कुणाला दाखवायचे आणि कशासाठी? उत्तर रुग्णाने आपल्या शब्दांत द्यायचं. नुसता अंगठा टेकवून किंवा खूण करून चालत नाही, आणि ज्याला परवानगी द्यायची तो माणूस समोर असेल तर त्याच्याकडे बोट दाखवायचं. डॉक्टरांना आणि यंत्राला दिलेली परवानगी उपचार चालू असेपर्यंत राहते, घरच्या माणसाची तीन महिन्यांनी संपते. मग पुन्हा विचारायचं. हे सगळे नियम माझे आहेत आणि त्यांच्यापायी बैठकांमध्ये मी पुष्कळ शिव्या खाल्ल्या आहेत.

निदान नवराबायकोला तरी सूट द्या, असं जवळजवळ सगळ्यांचं म्हणणं होतं. मी अडून बसलो. जिला मार लागल्याचे कागद नवऱ्यापासूनच लपवायचे असतील त्या बाईने काय करायचं, असं मी विचारलं. तेव्हा सूट कुणालाच नाही.

कोचने आधी डॉक्टरांना आणि यंत्राला परवानगी दिली, मग माझ्याकडे बोट दाखवलं आणि सिस्टरना सांगितलं, "हा माझा नवरा. याला सगळं दाखवा. नाही दाखवलंत तर हा माझ्या मागे भुणभुण लावेल." सिस्टरनी जसंच्या तसं टिपून घेतलं. आता हे वाक्य सहा ठिकाणी कायमचं राहणार. माझी बदनामी पुसता न येण्यासारखी झाली आहे.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

यंत्राने कोचच्या बाबतीत हात वर केला.

वारंवार लघवीला जावं लागतं म्हणून एका रुग्णालयाने तिला एक गोळी दिली आहे. अंगाला खाज येते म्हणून दुसऱ्याने रात्रीची एक गोळी दिली आहे. दोन्ही आपापल्या जागी बरोबर. पण दोन्ही मिळून डोक्यावर धुकं आणतात, विशेषतः ज्याचं डोकं आधीच थकलंय त्याच्या. एका डॉक्टरला दुसऱ्याचे कागद कधी दिसलेच नव्हते. दोन्ही गोळ्या रोज तिच्या हातावर ठेवणारा मी. मला दिसत होत्या, पण कळत नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी मला बोलावून घेतलं. गोळ्या एकदम बंद करायच्या नाहीत, पायरीपायरीने उतरवायच्या. प्रत्येक पायरी त्या कोचच्या कागदांत लिहिणार, मी ती फोनवर पाहून त्याप्रमाणे देणार आणि काय फरक पडला ते कळवणार. घरात कागद बघणारं माणूस आहे म्हणूनच हे जमेल, असं म्हणाल्या. मूळ आजार कुठे जाणार नाही हेही त्यांनी दोनदा सांगितलं. धुकं थोडं उठेल, इतकंच.

मी ऑफिसात परत येऊन धाकटीच्या टेबलावर केक ठेवला. तिने कशाबद्दल म्हणून विचारलं. मला सांगता येईना, तेव्हा म्हटलं, उगाच.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

धुकं उठतंय! आज पत्ते खेळताना कोचने माझी लबाडी पकडली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. मला हरल्याचा एवढा आनंद कधीच झाला नव्हता.

रविवार, ८ मार्च

तरणतलावावर गेलो होतो. ती आता पाण्यात उतरत नाही, पण काठावर बसली की तिच्यातली कोच जागी होते. एक मध्यमवयीन गृहस्थ मान वर काढून हातपाय झाडत होता. तिने त्याला बोलावून श्वास कुठे सोडायचा ते दाखवलं, आणि पुढच्या फेरीत तो सरळ पोहत गेला. मी बाजूला उभा होतो. आजार-बिजार काही नाही, डॉक्टरांची काहीतरी चूक झाली आहे, असं क्षणभर मला वाटून गेलं.

मग तिने शेजारच्या खुर्चीवरचा टॉवेल उचलला आणि मला म्हणाली, बसा ना, तुम्हीही मुलाला घेऊन आलात का? तिचा हा नाटकी स्वभाव जुना आहे. मीही तेवढ्याच गंभीरपणे सांगितलं की मुलगी आहे, पण आता ती मोठी झाली. तिने विचारपूस केली, कुठे असते, काय करते. तिला फार कौतुक वाटलं. घरी येईपर्यंत आम्ही हे नाटक चालवलं. हसू आवरताना माझी पुरेवाट झाली. ती मात्र एकदाही हसली नाही, तिचा अभिनय पहिल्यापासून माझ्यापेक्षा सरस.

शुक्रवार, २७ मार्च

गोळ्यांची तिसरी पायरी उतरली. झोप चांगली, चाल चांगली, भूक चांगली. डॉक्टरीणबाईंना तसं कळवलं. आता शेवटची पायरी उरली आहे, ती सगळ्यात नाजूक आहे म्हणे.

थोड्या तक्रारी लिहून ठेवतो. कपडे बदलताना मला खोलीबाहेर थांबायला सांगते. एवढा संसार झाल्यावर ही लाज कुठून आली, असं मी चिडवलं तर तिने दार लावून घेतलं. आणि जेवताना रोज थोडं बाजूला काढून झाकून ठेवते. कुणासाठी विचारलं तर म्हणते, त्याला यायला उशीर होतो. माझी उशिरा यायची सवय जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण तिची वाढून ठेवायची सवय काही गेली नाही. ती झोपली की मी ओट्यापाशी उभा राहून ते खातो. कोच अजून माझी वाट बघते, याचा मला आनंदच होतो.

रविवार, १२ एप्रिल

परवा परवानगी संपते. बुधवारी नव्याने घ्यायची आहे. नाही मिळाली तर माझ्या फोनवरून कोचचे कागद बंद होतील आणि शेवटची पायरी अडेल. दुसरा मार्ग आहे. दोन डॉक्टरांनी लिहून द्यायचं की या बाईंना आता स्वतःचा निर्णय घेता येत नाही. मग तिची किल्ली तिच्याकडून काढून माझ्याकडे येते. पण साखळीत ते एकदा लिहिलं की परत फिरणं नाही. त्यानंतर कोचला कुणीही, कधीही, काहीही विचारणार नाही. मी तिला सगळ्या बाबतींत विचारत आलो आहे, अगदी भिंतींच्या रंगापासून. आणि तिने माझे सगळे रंग नापसंत केले आहेत.

म्हणून आज तयारी करून घेतली. मी सिस्टर झालो. गंभीर चेहरा करून विचारलं, तुमचे कागद कुणाला दाखवायचे? कोच ताठ बसली आणि म्हणाली, माझ्या नवऱ्याला. कशासाठी? गोळ्या त्याच्या हातून घेते, त्याला माहीत असायला हवं. एकदाही अडखळली नाही. तीन वेळा विचारलं, तिन्ही वेळा बरोबर. शेवटी म्हणाली, तुम्ही फार छान विचारता, माणूस घाबरत नाही.

पैकीच्या पैकी मार्क. मी उगाच काळजी करत होतो.

बुधवार, १५ एप्रिल

लिहायला हवं म्हणून लिहितो.

सिस्टरनी विचारलं, कुणाला. कोच म्हणाली, माझ्या नवऱ्याला. कशासाठी, तेही अगदी बरोबर सांगितलं. मी खुर्चीत सैल झालो. मग सिस्टरनी नियमाप्रमाणे विचारलं, ते इथे असतील तर दाखवा बरं.

कोचने दाराकडे पाहिलं. "यायला हवा होता एव्हाना," ती म्हणाली. "ऑफिसात अडकला असेल." मग माझ्याकडे वळून, "तुम्हाला काही बोलला का तो? तुमचं ऑफिस एकच ना?"

मला वाटलं, पुन्हा नाटक. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत हसू यायची वाट पाहिली. आलं नाही.

सिस्टर चांगल्या आहेत. त्यांनी हळूच विचारलं, या काकांना दाखवले तर चालतील का? कोच विचारात पडली. माझं मन दुखवू नये असं तिला वाटत होतं, ते मला स्पष्ट दिसत होतं.

"हे फार भले आहेत," ती म्हणाली. "रोज असतात, मला चालायला नेतात. पण माझ्या तब्येतीचे कागद आहेत ते. नवऱ्याला विचारल्याशिवाय परक्या माणसाला कसे दाखवू?"

सिस्टरनी 'नाही' अशी नोंद केली. सहाही ठिकाणी झाली.

गुरुवार, १६ एप्रिल

मागची पानं वाचली. तरणतलाव, दार, झाकून ठेवलेलं जेवण. महिनाभर मी दुसऱ्याचं ताट खात होतो आणि खूश होतो.

सोमवार, २० एप्रिल

लेकीचं म्हणणं, किल्ली घ्या आणि मोकळे व्हा. ती कठोर नाही, घाबरली आहे. आई फोनवर अजून ओळखते तिला, पण आता प्रत्येक फोन करायच्या आधी तिला धडकी भरते. बाबा, तुम्हाला ओळखलं नाही म्हणजे काय राहिलं, असं म्हणून रडली. मी तिची समजूत घातली. माझी कुणी घालावी असं मनात आलं, पण बोललो नाही.

धाकटीच्या कानावर गेलं असावं. तिने जरा घुटमळत सांगितलं की सर, एका ओळीचं काम आहे, तुमच्यापुरती मुदत वाढवता येईल, मी नोंद कशाची म्हणून घालायची ते बघते. तिने हे मायेने म्हटलं, तरी मी तिच्यावर खेकसलो. नंतर जाऊन माफी मागितली. मनात आलं नव्हतं असं नाही. आलं होतं, आणि तेही तिच्या आधी.

आज कोचला सरळ सांगून पाहिलं. म्हटलं, कोच, मीच तुझा नवरा. तिने माझ्याकडे फार दयेने पाहिलं. म्हणाली, अहो, तो तुमच्यापेक्षा बराच तरुण आहे, आणि त्याचे केस चांगले दाट आहेत. मग मला वाईट वाटू नये म्हणून पुढे म्हणाली, तुमचेही असतील पूर्वी.

मला हसू आलं. हसलो आणि मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून उभा राहिलो.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. मनाची तयारी करून गेलो होतो की किल्ली काढायचे कागद करा म्हणून सांगायचं. त्यांनी सिस्टरची नोंद मोठ्याने वाचली, 'नवऱ्याला विचारल्याशिवाय परक्या माणसाला कसे दाखवू.' मग मलाच विचारलं, यात त्यांना काय समजलेलं नाही? कागद आपले आहेत हे कळलं. दाखवायचे की नाही हे आपण ठरवायचं, हे कळलं. कारणही दिलं.

"त्यांनी तुम्हाला ओळखलं नाही," त्या म्हणाल्या. "पण प्रश्न ओळखला. निर्णय घेता येत नाही असं मी कुठल्या तोंडाने लिहून देऊ?"

त्यांनी महिनाभराची मुदत दिली. तोवर शेवटची पायरी थांबवायची, गोळ्या सिस्टर बंद पाकिटात भरून देतील. आणि मध्ये एकदा कोचला पुन्हा विचारायचं. पुन्हाही नाही म्हणाली तर मग मात्र बघावं लागेल.

परत येताना लक्षात आलं की मी स्वतःच्याच नियमात अडकलोय आणि नियम बरोबर आहे. कोच नवऱ्याची बाजू इतकी धरून आहे की नवऱ्याचंच काही चालत नाही.

शनिवार, २ मे

पाकिटातल्या गोळ्या देतो. कुठली कशाची ते आता मला दिसत नाही. फोनवर कोचचं नाव दाबलं की 'आपल्याला परवानगी नाही' असं येतं. हे वाक्य मीच लिहिलं आहे. तेव्हा ते सभ्य वाटलं होतं.

तिची तयारी करून घेणं बंद केलं. जे असेल ते तिच्या मनाचं असू दे.

गेले काही दिवस ती अस्वस्थ आहे. दारापर्यंत जाते, परत येते. आज विचारलं तेव्हा म्हणाली की नवऱ्याला माझ्या तब्येतीचं काही कळत नसेल, तो काळजी करत बसेल. काळजी केली की त्याचं पोट बिघडतं. हे खरं आहे. बिघडलंच आहे.

मंगळवार, ५ मे

आज पुन्हा ती खोली. त्याच सिस्टर. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलो, म्हणजे तिच्या नजरेवर माझा भार नको.

कुणाला, असं सिस्टरनी विचारलं. कोचने आधी दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, नवऱ्याला दाखवायचे आहेत, पण तो काही इथवर येत नाही. तिने खोलीभर पाहिलं आणि मी सापडलो.

"तुम्हाला तो भेटतो का?"

"भेटतो."

"रोज?"

 आजवर कोचशी मी खोटं बोललो तेव्हा तिने पकडलं आहे. पण दाढी करताना, दात घासताना, लिफ्टच्या आरशात, कुठे नाही भेटत मी त्याला? "रोज भेटतो," मी म्हणालो.

"मग यांना दाखवा," कोच सिस्टरना म्हणाली. "यांनी वाचायचं आणि माझ्या नवऱ्याला सगळं सांगायचं. खरं खरं. वाईट असलं तरी. त्याला अर्धवट सांगितलेलं चालत नाही."

सिस्टरनी विचारलं, म्हणजे परवानगी यांना, आणि ती तुमच्या नवऱ्याला निरोप देण्यासाठी? कोचने माझ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, हो, यांनाच, माणूस भरवशाचा वाटतो. नात्याच्या रकान्यात काय घालू, असा सिस्टरना प्रश्न पडला. यादीत नवरा होता, मुलगा होता, शेजारी होता. शेवटी 'इतर' निवडून त्यांनी पुढे लिहिलं, निरोप नेणारे. मग त्या खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

कोचने अंगठा टेकवला आणि मला म्हणाली, तुम्हाला त्रास होईल, पण दुसरं कुणी दिसत नाही. मी म्हटलं, त्रास कसला, वाटेतच आहे.

दुपारी कागद उघडले. परवानगी ज्या कामासाठी मिळाली आहे ते काम करतो:

कोचची तब्येत बरी आहे. वजन थोडं वाढलं आहे. रक्तदाब ठीक. गोळ्यांची शेवटची पायरी उद्यापासून. धुकं उठायचं तेवढं उठलं आहे, यापुढे फार उठणार नाही असं डॉक्टरांनी लिहिलं आहे. मूळ आजार पुढे सरकतो आहे, आणि तो आता थांबणार नाही. तिने खरं खरं सांगायला सांगितलं आहे म्हणून हे लिहिलं. ती घाबरलेली नाही. रोज चालते. तुझ्यासाठी जेवण झाकून ठेवते. तू काळजी करू नयेस असं तिचं म्हणणं आहे.

निरोप पोचला.

गुरुवार, ७ मे

तरणतलावावर गेलो. आज गर्दी नव्हती. कोच काठावरच्या बाकावर बसली, मी थोडं अंतर ठेवून बसलो. तिने पहिल्यांदा तेच विचारलं, निरोप दिलात का?

"दिला."

"काय म्हणाला?"

याची तयारी मी केली नव्हती. जे आलं ते बोललो. "म्हणाले, तिला विचारल्याशिवाय काही करू नका."

कोचच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरल्यासारखं झालं. असंच म्हणणार तो, असं म्हणाली. मग आपणहून सरकून माझ्या जवळ बसली आणि त्याच्याबद्दल सांगू लागली.  तो भांडणात आधी माघार घेतो आणि नंतर दोन दिवस पुटपुटतो. मुलगी झाली तेव्हा तो रुग्णालयाच्या जिन्यात बसून रडला, आणि डोळ्यात काही गेलं म्हणाला. पहिल्यांदा तो भेटला तो याच तलावावर, पोहायला शिकायचं म्हणून नाव घालून.

"त्याला चांगलं पोहता येत होतं," कोच म्हणाली. "पाण्यात शिरला तेव्हाच मला कळलं. बुडायचं सोंग करत होता बिचारा. मग मीही शिकवलं त्याला. उन्हाळा संपेपर्यंत शिकवलं."

मी पाण्याकडे बघत बसलो. हे मी जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं. तिलाही नाही. लग्नानंतर कितीदा वाटलं सांगावं, पण एवढ्या उशिरा सांगितलं तर ती चेष्टा करेल म्हणून राहून गेलं.

हे त्यांना सांगू का, असं मी विचारलं. तिने विचार करून परवानगी दिली. आता सांगायला हरकत नाही म्हणाली, लाजेल थोडा.

मग ती आणखी जवळ झुकली. आजूबाजूला कुणी नाही हे पाहून घेतलं आणि आवाज खाली आणला. म्हणाली, अजून एक गोष्ट आहे, पण ती तुमच्यापाशीच ठेवायची, त्याला सांगायची नाही. मी कबूल केलं. तिने माझा हात धरून वदवून घेतलं, तेव्हाच तिची खात्री पटली.

कोचने ती गोष्ट मला सांगितली. सांगून झाल्यावरही तिने हात सोडला नाही, अंधार पडायला लागला तरी आम्ही तसेच बसलो होतो.

ती गोष्ट मी इथे लिहीत नाही. ही वही तिचा नवरा वाचतो.